इसार झाल्यावर घराचा भाव कमी करून घेताना

इसार झाला की भाव ठरला, असं आपल्याकडं धरून चालतात. नंतर पुन्हा भावाचं बोलणं काढलं तर माणूस शब्दाला पक्का नाही, असं लगेच होतं. आम्ही लातुरात २०२५ च्या जानेवारी ते एप्रिलमध्ये एक जुनं घर घेतलं आणि इसारानंतर भावाचं बोलणं काढलं. व्यवहार मोडला नाही, भांडणही झालं नाही. पण त्या दोनतीन महिन्यांत कुणाला विचारावं तेच कळत नव्हतं, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. मी ज्युनिअर कॉलेजात शिकवते, नवरा महावितरणमध्ये आहे. बांधकामातलं दोघांनाही काही कळत नाही.

घर औसा रोडच्या आतल्या एका कॉलनीत. ३० बाय ५० चा प्लॉट, तळमजला १९८७ चा, कॉलम नसलेला, भिंतींवर उभा. वरच्या दोन खोल्या २००६ साली तेव्हाच्या नगरपालिकेची परवानगी काढून चढवलेल्या. मालक निवृत्त मुख्याध्यापक. कॉलनीत त्यांना सगळे गुरुजी म्हणतात. घर त्यांच्या पत्नीच्या नावावर होतं. त्या गेल्यावर गुरुजी, पुण्यातला मुलगा आणि उदगीरला दिलेली मुलगी अशी वारसांची तीन नावं लागलेली. मागणी ५२ लाखांची होती, घासाघीस करून ४८ लाख ५० हजारांवर आलो. ५० लाखांच्या आत असल्यामुळं १ टक्का टीडीएस कापून भरायचं काम वाचलं.

२० जानेवारीला ५०० रुपयांच्या बाँडवर इसार पावती केली. इसार १ लाख, चेकनं. मुदत तीन महिने. आमच्या वकीलबाईंनी त्यात एक कलम घालायला लावलं: ३० दिवसांत आम्ही नेमलेला इंजिनिअर घर तपासेल, बांधकामात गंभीर दोष निघाला तर किमतीबद्दल पुन्हा बोलणी होतील, आणि ती जमली नाहीत तर इसार बिनकपात परत मिळेल. एवढ्या तीन ओळी. मध्यस्थाला ते अजिबात पटलं नाही. "ताई, तुम्ही घर घ्यायलाव का पेशंट तपासायलाव?" म्हणाला. गुरुजींनी मात्र लगेच सही केली. "तपासा की. भूकंपात या घराच्या केसाला धक्का लागला नाही," म्हणाले.

लातुरात १९९३ च्या आधीचं घर विकणारा प्रत्येक जण हेच सांगतो. आणि ते खरंही असतं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी उद्ध्वस्त झालं, लातूर शहर त्या मानानं वाचलं. पण हे घर बांधलं तेव्हा आपला भाग भूकंपाच्या नकाशात सगळ्यात कमी धोक्याच्या झोन १ मध्ये होता. २००२ मध्ये तो झोन ३ मध्ये गेला. इंजिनिअरनं नंतर जे विचारलं ते मला सुचलंच नव्हतं: "१९९३ ला वरचा मजला होता का?" नव्हता. त्या भूकंपाची परीक्षा पास झालं होतं ते एकमजली घर.

इंजिनिअर शोधायला वेळ गेला. नकाशा काढून देणारे पुष्कळ मिळतात. जुन्या घरात हातोडी घेऊन फिरणारे कमी. महापालिकेच्या यादीवरचा, स्ट्रक्चरल काम करणारा आणि मुख्य म्हणजे मध्यस्थानं न सुचवलेला माणूस आम्हाला हवा होता. फी ठरली पाहणी आणि रिपोर्टचे ८ हजार, चाचण्यांचे १४ हजार. घरात सगळ्यांना हा खर्च उधळपट्टी वाटला. बँक व्हॅल्युअर पाठवणारच आहे, मग वेगळा इंजिनिअर कशाला, असं सासऱ्यांचं म्हणणं. बँकेचा व्हॅल्युअर नंतर येऊन गेला. त्यानं मोजमाप घेतलं, फोटो काढले, जमिनीचा दर आणि बांधकामाचं वय धरून किमतीचा आकडा दिला. सीलिंगच्या वर काय आहे ते त्यानं पाहिलं नाही. ते त्याचं कामही नव्हतं.

गुरुजींना तपासणीचं सांगताना एक गोष्ट उपयोगी पडली. महापालिका कायद्यात ३० वर्षांवरच्या इमारतीची स्ट्रक्चरल तपासणी करून घ्यायची तरतूद आहे. "हे तसंही करायला पाहिजे होतं, खर्च आम्ही करतो," असं म्हटल्यावर त्यांना अविश्वासाचा वास आला नाही.

२ फेब्रुवारी, रविवार. इंजिनिअर सकाळीच आले आणि आधी घराभोवती एक चक्कर मारली. आम्ही गच्चीची गळती, जुनं वायरिंग, बाथरूमच्या फुटक्या फरश्या दाखवत होतो. ते "हो, हो" म्हणत पुढं जात होते. मागच्या खोलीत थांबले. या खोलीला नवं पीओपी सीलिंग होतं, घरात दुसऱ्या कुठल्याच खोलीला नव्हतं. वर कोणती खोली येते, त्यांनी विचारलं. वर बाथरूम होतं. गुरुजींची परवानगी घेऊन सीलिंगचा एक चौकोन उघडला. आत स्लॅबचं काँक्रीट पापुद्र्यासारखं सुटलेलं, आणि दोन गजांचा गंज इतका फुगलेला की स्क्रू ड्रायव्हरनं ढकलला तर चकत्या पडत होत्या. त्यांनी हातोडीनं स्लॅब ठोकत नेला. पुढच्या बाजूला टणटण वाजायचं, बाथरूमच्या खाली बद्द. आवाज बदलला तिथं खडूनं रेघ मारत गेले. शेवटी जवळजवळ अर्ध्या खोलीएवढा नकाशा स्लॅबवर तयार झाला.

मग एक भोक पाडून त्यात फिनॉल्फ्थेलीन फवारलं. काँक्रीट शाबूत असेल तर ते गुलाबी होतं. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडनं त्यातला अल्कलीपणा गेला असेल तर रंग येत नाही आणि आतल्या गजांना संरक्षण उरत नाही. आम्ही तिघंचौघं माना वर करून बघत होतो. गज होता त्याच्या बऱ्याच वरपर्यंत रंग आलाच नाही. गुरुजी काही बोलले नाहीत. पीओपी मुलानं दोन वर्षांपूर्वी करून घेतलं होतं, एवढंच म्हणाले.

त्याच खोलीच्या बाहेरच्या कोपऱ्यात पायाशी खड्डा घेतला. पाया चार फुटांवर संपत होता, खाली काळी माती. ही माती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आक्रसते, हे आपल्याला शेतातल्या भेगांवरून माहीत असतं. घराखाली तीच आहे हे लक्षात येत नाही. त्यात ड्रेनेजचा चेंबर फुटलेला, त्यामुळं हा एकच कोपरा बारा महिने ओला आणि बाकी घर कोरडं. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपा गेलेला तडा पुट्टी भरून रंगवला होता. टॉर्च भिंतीला चिकटवून आडवा धरला तेव्हा त्याची रेघ उठून दिसली. ही युक्ती फुकट आहे. घर पहिल्यांदा बघायला जातानाच मोबाईलचा टॉर्च असा धरून बघा, आणि घरात एकाच खोलीला नवं सीलिंग किंवा एकाच भिंतीला नवा रंग दिसला तर कारण विचारा.

निघताना त्यांनी तड्यावर काचेच्या दोन पातळ पट्ट्या प्लास्टर ऑफ पॅरिसनं चिकटवल्या आणि शेजारी तारीख लिहिली. तडा जुना, बसलेला असेल तर काच टिकते; हलता असेल तर फुटते.

रिपोर्ट १३ फेब्रुवारीला हातात आला. त्या रात्री घर सोडून द्यायचं आम्ही जवळपास ठरवलं होतं. बायकोच्या हौसेपायी नवरा कर्जात बुडाला, हे नातेवाइकांचं वाक्य मला आधीच ऐकू यायला लागलं होतं. दुसऱ्या दिवशी मी इंजिनिअरना फोन करून सरळ विचारलं, तुमच्या बहिणीनं हे घर घ्यावं का? ते म्हणाले, दुरुस्ती होण्यासारखी आहे, पण आजच्या भावात घेऊ देणार नाही. तळमजल्याला सलग लिंटेल बँड, म्हणजे दारं-खिडक्यांच्या वरून सगळ्या भिंतींवर फिरणारा काँक्रीटचा पट्टा, नाही; ती उणीव मात्र राहणारच. वर आणखी मजला चढवायचं स्वप्न सोडून द्या. ते आम्ही सोडलं.

३० दिवसांची मुदत संपत आली होती. वकीलबाईंनी सांगितलं, तोंडी बोलत बसू नका. मुदतीच्या आत रिपोर्टची प्रत जोडून रजिस्टर पोस्टानं पत्र टाका आणि तेच व्हॉट्सअ‍ॅपवरही पाठवा. पत्रात भावाचा उल्लेख नव्हता. दोष आढळले आहेत, कलमाप्रमाणे बसून बोलू, इतकंच. आणखी एक त्यांनी सांगितलं: मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे विकणाऱ्याला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला साध्या नजरेनं न दिसणारा मोठा दोष विकणाऱ्यानं सांगितला पाहिजे. "पण हे तुम्हाला माहीत असू द्या. बैठकीत काढू नका," म्हणाल्या. मला त्यांचा हा सल्ला सगळ्यात मोलाचा वाटतो. ऐंशीच्या घरातल्या शिक्षकाला त्याच्याच अंगणात बसून तुम्ही लपवलंत म्हणायचं, आणि मग त्याच्याकडून चार लाख सोडवून घ्यायचे, हे जमत नसतं.

नुसत्या रिपोर्टनं भाव कमी होत नाही. रिपोर्टात "गंभीर क्षरण" असे शब्द असतात, विकणाऱ्याला रुपये लागतात. आम्ही दोन गुत्तेदारांना घर दाखवून लेखी अंदाज घेतले. दोन्हींत बराच फरक होता, म्हणून इंजिनिअरकडून मधला वाजवी आकडा लिहून घेतला: मागच्या कोपऱ्याचा पाया मुरमापर्यंत खाली नेणं २ लाख ४० हजार, स्लॅबची दुरुस्ती २ लाख १० हजार, ड्रेनेज लाइन आणि चेंबर ६५ हजार. एकूण ५ लाख १५ हजार.

मग मी एका कागदावर दोन रकाने केले. डावीकडं जे आम्हाला इसाराआधीच दिसत होतं ते सगळं: गच्ची, वायरिंग, फरश्या, अर्ध्या तासात हवा ओढणारा बोअर. त्यापुढं मागणी शून्य. उजवीकडं फक्त झाकलेलं आणि जमिनीखालचं. नवऱ्याला डावा रकाना पटत नव्हता. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगलाच ९० हजार लागतात, तेही मागू, मिळाले तर मिळाले, असं त्याचं म्हणणं. पण ती गळती बघूनच तर आपण ५२ चे ४८.५० केले होते. त्याच गोष्टीचे दोनदा पैसे मागितले असते तर उजव्या रकान्यालाही कुणी विचारलं नसतं.

पहिली बैठक ९ मार्चला गुरुजींच्या ओसरीत. आमच्याकडून आम्ही दोघं आणि माझे मामा, ज्यांनी आयुष्यभर बांधकामावर देखरेख केली, तिकडून गुरुजी, पुण्याचा मुलगा, उदगीरचे जावई, मधे मध्यस्थ. मी कागद गुरुजींच्या हातात दिला, मुलाच्या नाही. त्यांनी चष्मा लावून डावा रकाना आधी वाचला. "हे तुम्ही मागत नाही?" नाही म्हटलं. तिथून आवाज खाली आले.

मुलाची अडचण मला नंतर कळली. ४८.५० चे हिस्से त्यानं मनात करून टाकले होते आणि पुण्यातल्या फ्लॅटचा हप्ता त्यावर ठरवला होता. त्याचं म्हणणं, तडा जुना आहे, आणि दुरुस्ती आम्ही दीड लाखात आमच्या मिस्त्रीकडून करून देतो. हे ऐकायला बरं वाटतं. पण घर विकून मोकळं व्हायचं असलेला माणूस दुरुस्ती करतो ती विक्रीपुरती. पाया खणताना आम्ही तिथं नसणार, माती भरल्यावर काय दिसणार? मामांनी "तुमचा मिस्त्री चांगलाच असेल, पण पुढं राहायचं पोरीला आहे" एवढंच म्हणून विषय मिटवला. दुसरा प्रस्ताव होता, खरेदीखतात किंमत कमी दाखवू आणि काही रक्कम रोख द्या. घराच्या व्यवहारात २० हजार किंवा जास्त रोख घेता येत नाही, आणि कर्जही खरेदीखताच्या रकमेवर. तो तिथंच संपला. त्या दिवशी काहीच ठरलं नाही.

पुढचे दोन आठवडे अवघड गेले. मध्यस्थाचे रोज फोन. ३१ मार्चच्या आत रजिस्ट्री करा, १ एप्रिलपासून रेडीरेकनर, म्हणजे मालमत्तेचे सरकारी दर, वाढणार, मुद्रांक वाढेल. दर खरंच वाढले. पण मुद्रांक शुल्क व्यवहाराची किंमत आणि रेडीरेकनरची किंमत यातल्या जास्त रकमेवर लागतं. आमची किंमत रेकनरच्या वर होती, वाढ धरूनही वरच राहणार होती, म्हणजे आमचा एक रुपयाही वाढणार नव्हता. हे एकदा आकडेमोड करून बघितल्यावर घाई करायचं कारण उरलं नाही. मध्यस्थाबद्दलही एक सांगते. त्याची दलाली दोन्हीकडून १ टक्का. भाव चार लाखांनी उतरला तर त्याचे प्रत्येकी चार हजार जातात, व्यवहार मोडला तर सगळेच. हे ध्यानात आलं तेव्हा मी त्याच्यावर चिडायचं सोडलं आणि त्यालाच काचपट्टी बघायला पाठवलं.

धुळवड झाली, ऊन तापलं, आणि दोनपैकी एक पट्टी मधोमध फुटली होती. फोटो काढून त्यानंच मुलाला पाठवला.

२३ मार्चला दुसरी बैठक. जुना तडा हे बोलणं निघालंच नाही. जावयांनी निम्मंनिम्मं सुचवलं. मामा म्हणाले, स्लॅब आणि पाया तुमचा, ड्रेनेज आमचं. शेवटी गुरुजींनी ४४ लाख ५० हजार म्हटलं आणि मुलाकडं बघितलं. आम्ही ५ लाख १५ हजार मागितले होते, ४ लाख सुटले. पाडव्याच्या आत वकीलबाईंनी पुरवणी करारनामा केला: नवी किंमत, मुदत १५ दिवस वाढवून, आणि तिन्ही वारसांच्या सह्या. मुलीची सही घ्यायला उदगीरला जावं लागलं. भाव कमी होतो तेव्हा प्रत्येक वारसाची लेखी संमती घ्या; एकाच्या होकारावर थांबू नका.

आता हिशेबातली एक गोम, जी आम्हाला बँकेत बसल्यावर कळली. ४ लाख कमी झाले म्हणजे दुरुस्तीला ४ लाख हातात आले, असं होत नाही. बँक किमतीच्या ८० टक्के देते. ४८.५० वर कर्ज ३८ लाख ८० हजार मिळालं असतं आणि आमचे ९ लाख ७० हजार, ४४.५० वर कर्ज ३५ लाख ६० हजार आणि आमचे ८ लाख ९० हजार. म्हणजे खिशात राहिले फक्त ८० हजार, बाकी ३ लाख २० हजारांचं कर्जच कमी मिळालं. मुद्रांकात ५ टक्क्यांनी आणखी २० हजार वाचले. दुरुस्तीचे पाच लाख मात्र रोकडे लागणार होते. शिक्षकांच्या पतसंस्थेतून मी ३ लाख काढले, बाकी एफडी मोडली. बोलणी करायला बसण्याआधीच ही सोय बघून ठेवा.

रजिस्ट्री २४ एप्रिलला झाली. घर फक्त माझ्या नावावर घेतलं, कारण बाईच्या एकटीच्या नावावर घर घेतलं तर मुद्रांकात १ टक्का सवलत आहे. लातूर महापालिका हद्दीत ६ ऐवजी ५ टक्के लागले, २ लाख २२ हजार ५००. नोंदणी फी ३० हजार. चलन ऑनलाइन भरलं, डेटा एंट्री वकीलबाईंच्या ऑफिसातून करून नेली, तरी दुय्यम निबंधकांकडं दुपार गेली. गुरुजींच्या बोटांचे ठसे मशीन घेईना. ओळख द्यायला दोन माणसं आणली होती म्हणून निभावलं. वयस्कर विक्रेता असेल तर ही दोन माणसं आधीच सांगून ठेवा, ऐनवेळी कॉरिडॉरमध्ये कुणाला पकडायचं?

दुरुस्ती मे महिन्यात काढली. पाया सलग खणत नाहीत. चार फुटांचा एक तुकडा खणायचा, मुरमापर्यंत जाऊन काँक्रीट भरायचं, ते धरलं की एक सोडून पुढचा. सात फुटांवर मुरूम लागला. त्यात त्या वर्षी मे महिन्यातच पावसानं गाठलं, खड्डे भरले, पंप लावून उपसायला वेगळे पैसे गेले. एकूण ५ लाख ६० हजार झाले. गुत्तेदाराचे ४० हजार पावसाळा होईपर्यंत राखून ठेवायचं कामाच्या चिठ्ठीतच लिहिलं होतं. सप्टेंबरमध्ये मराठवाडाभर जो पाऊस कोसळला त्यानंतर इंजिनिअरना पुन्हा आणून कोपरा दाखवला आणि दसऱ्यानंतर ते दिले. इंडेक्स २ (नोंदणीचा उतारा) आणि खरेदीखताची प्रत जोडून घरपट्टीवर नाव लावायचा अर्ज दिलाय. झोन ऑफिसात विचारलं की "साहेब मीटिंगला गेलेत" एवढं उत्तर मिळतं.